अ‍ॅपवर 'केस डिस्पोज्ड' दिसतंय, म्हणजे बाबांची दुकानाची केस संपली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला रामबागेत राहणाऱ्या एका ताईंच्या वडिलांनी खालच्या दुकानातल्या भाडेकरूवर दुकान खाली करून मिळावं म्हणून केस टाकली होती. 11 ऑगस्ट 2023 ला वडील वारले. केस नंबर घरात कुणालाच माहीत नाही, वकीलसाहेब फोन उचलत नाहीत. आता कुठे मोबाईलवर केस सापडली तर तिथे लिहिलंय 'केस डिस्पोज्ड', खाली 'अनकंटेस्टेड, डिसमिस्ड इन डिफॉल्ट', तारीख 19 फेब्रुवारी 2024. भाडेकरू म्हणतो मी जिंकलो, आता भाडंही देणार नाही. ताई विचारतात, सगळं संपलं का?

ताई, सगळ्यात आधी हे ऐका, भाडेकरू जिंकलेला नाहीये. 'डिसमिस्ड इन डिफॉल्ट' म्हणजे आपल्याकडे कोर्टात ज्याला अदम पैरवीत खारीज म्हणतात ते, पुकारा झाला, वादीकडून कुणी उभं राहिलं नाही, केस काढून टाकली. दुकान कुणाचं, भाडं थकलं की नाही, यातल्या एकाही गोष्टीवर कोर्टाने काही म्हटलेलं नाही. आणि ते 'अनकंटेस्टेड' वाचून तुम्ही घाबरलात ना की आपणच लढलो नाही असं कोर्टाने लिहिलंय, तसं काही नाही, दोन्ही बाजू ऐकून निकाल लागला नाही एवढाच त्याचा अर्थ.

तुम्हाला केस सापडायला इतके दिवस का लागले तेही सांगतो, कारण हे खूप जणांचं होतं. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी अ‍ॅपवर, नावाने शोधताना वर्ष द्यावंच लागतं आणि ते रजिस्ट्रेशनचं वर्ष असतं. तुम्ही लिहिलंय की बाबांनी डिसेंबर 2016 मध्ये दावा लावला, म्हणून तुम्ही 2016 टाकत राहिलात, पण रजिस्टरवर तो जानेवारी 2017 मध्ये चढलाय. फायलिंग नंबर वेगळा, रजिस्ट्रेशन नंबर वेगळा. त्यात शोधताना 'पेंडिंग' निवडलेलं राहिलं तर निकाली निघालेली केस दिसतच नाही, म्हणून 'बोथ' निवडायचं. आणि आपली मराठी आडनावं इथे टाइप होताना काय काय होतात ते तुम्ही बघितलंच, गोखलेंचे गोखले राहत नाहीत, स्पेलिंग कुठेही जातं. म्हणून पूर्ण नाव टाकायचंच नाही, आडनावाची पहिली तीन अक्षरं टाकायची आणि लिस्ट वरून खालपर्यंत वाचायची. सापडली की 'एमपी'ने सुरू होणारा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर वहीत उतरवून घ्यायचा, तो बदलत नाही, मग बाकी काही लक्षात ठेवायची गरज नाही. नंबरच्या आधी जे 'आरसीएस ए' दिसतंय ते घरजमिनीच्या दिवाणी दाव्याचं खातं आहे, पैशाच्या वसुलीचं 'बी'.

पण ताई, तुम्ही वरच्या चार ओळी वाचून थांबलात, खरी गोष्ट खाली आहे. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये खाली पेश्यांचा, म्हणजे सुनावणीच्या तारखांचा तक्ता आहे, केस हिस्ट्री. त्यात 'बिझनेस ऑन डेट'च्या रकान्यात निळ्या तारखा आहेत, प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते उघडतं. मी तुमचा नंबर टाकून बसून सगळ्या उघडल्या. जुलै 2023 पर्यंत दर पेशीला वादी साक्ष, वादी साक्ष असं चाललंय. मग सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर, तिन्ही वेळा वादीतर्फे वेळ मागितली, दिली. आणि 19 फेब्रुवारीला, बार-बार पुकार लगवाई गई, वादी की ओर से कोई उपस्थित नहीं. बाबा वारल्याचा एक शब्द कुठे नाही. म्हणजे सहा महिने कोर्ट अशा माणसाची वाट बघत होतं जो या जगात नाही, आणि हे कोर्टाला कुणी सांगितलंच नाही. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आता 11 ऑगस्ट आणि 19 फेब्रुवारी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा, तुमची पूरी केस त्यातच आहे. वादी वारला की त्याच्या वारसांनी 90 दिवसांत कोर्टात अर्ज देऊन आपली नावं चढवायची असतात, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 22, रूल 3. हे दिवस तुम्हाला कधी कळलं तिथून मोजत नाहीत, मृत्यूच्या तारखेपासूनच मोजतात. तुमचे 9 नोव्हेंबर 2023 ला संपले आणि त्या दिवशी दावा कायद्याने आपोआप पडला, याला अबेट होणं म्हणतात, त्यासाठी जजसाहेबांना काही लिहावं लागत नाही. अबेटमेंट रद्द करून घ्यायला आणखी 60 दिवस मिळतात, तेही 8 जानेवारी 2024 ला गेले. फेब्रुवारीत जी ऑर्डर झाली ती मग अशा दाव्यावर झाली जो आधीच पडला होता, आणि वारलेल्या माणसाची गैरहजेरी मांडून झाली.

हे एवढं लांबण लावून का सांगतोय, कारण कुणीही घाईत तुम्हाला म्हणेल की ऑर्डर 9, रूल 9 खाली रिस्टोरेशनचा, म्हणजे खारीज केस परत चालू करायचा अर्ज टाका, नेहमीचा फॉर्म आहे, आणि फक्त तेवढाच टाकला तर समोरचा वकील पहिल्याच पेशीला उठून म्हणेल की दावा तर अबेट झालाय, रिस्टोर काय करणार. तुम्हाला ऑर्डर 22, रूल 9 खाली अबेटमेंट रद्द करायचा अर्ज लागेल, वारसांची नावं चढवायचा अर्ज लागेल, आणि उशीर माफ करायचा लिमिटेशन अ‍ॅक्टच्या, म्हणजे मुदतीच्या कायद्याच्या, कलम 5 चा अर्ज लागेल, तिन्ही एकत्र. 19 फेब्रुवारीची ऑर्डर बाजूला करायची मागणी त्यातच जोडून घ्यायची. वारस म्हणजे फक्त तुम्ही नाही, आई आणि पुण्याचा भाऊसुद्धा, तिघांची नावं घाला, निगमचा, म्हणजे महापालिकेचा मृत्यू दाखला जोडा.

कलम 5 च्या अर्जावर सगळं अवलंबून आहे, म्हणून तो मनापासून लिहा. 1981 च्या रफीक विरुद्ध मुन्शीलाल या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये. त्याचा आधार घ्याच, पण नुसतं वकिलावर ढकलून चालत नाही, तुम्ही स्वतः कधी काय केलं ते तारखांनिशी यायला हवं. फोन किती वेळा केला, ऑफिसला कधी गेलात, मोबाईलवर पहिल्यांदा केस कोणत्या दिवशी दिसली. तो पहिला स्क्रीनशॉट आणि कॉल लॉग डिलीट करू नका. आणि आईला केस चालू असल्याचं माहीत होतं का, हे प्रतिज्ञापत्रात खरं लिहा. माहीत होतं पण तारीख माहीत नव्हती, तर तसंच लिहा. एक वाक्य खोटं निघालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही.

अ‍ॅपवरच्या प्रिंटआउटवर अर्ज तयार करायला हरकत नाही पण ती प्रमाणित नक्कल नाही, ती प्रतिलिपी शाखेत अर्ज देऊन काढावी लागते, वारस असल्याचं लिहून आणि मृत्यू दाखला लावून. दाव्याची प्रत, 19 फेब्रुवारीची ऑर्डर आणि 2023 पासूनच्या आदेश पत्रिका, म्हणजे दर पेशीला कोर्टाने लिहिलेली नोंद, एवढं मागा. मात्र नक्कल यायची वाट बघत बसू नका. अपिलाला नक्कल मिळेपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात, अशा अर्जांना ती सोय नाही. माझ्याकडे एक काका नक्कल हातात घेऊन मगच आले होते, तोवर दीड महिना गेलेला, आणि त्या दीड महिन्याचा हिशेब देताना आमच्या नाकी नऊ आले.

जुन्या वकीलसाहेबांबद्दल विचारलंत. पक्षकार वारला की त्याने दिलेलं वकीलपत्र संपतं, पण मृत्यूची माहिती मिळाली की ती कोर्टाला देणं हे वकिलाचं काम कायद्याने राहतंच, ऑर्डर 22, रूल 10ए. तुम्ही त्यांना कधी आणि कसं कळवलं ते आठवून लिहून ठेवा. नवीन वकील करायला त्यांच्या एनओसीसाठी अडून बसायची गरज नाही, कारण तुम्ही वारस म्हणून स्वतःचं वेगळं वकीलपत्र देणार आहात. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवली तर, सुप्रीम कोर्टाने 2000 साली स्पष्ट सांगितलंय की फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद रोखून धरता येत नाहीत. आधी रजिस्टर्ड पोस्टाने चांगल्या शब्दांत पत्र टाका. भांडण नंतर करता येईल, आत्ता कागद हवेत.

पैशाची अडचण तुम्ही लिहिली नाहीये पण पत्रातून जाणवते, म्हणून सांगतो, महिलेला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळायचा हक्क आहे, 1987 च्या कायद्याने. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा 15100 ला फोन करा.

आणि दुकानाचं भाडं. अबेट झालेल्या दाव्याच्या त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही हे खरं, पण त्यानंतर थकलेलं भाडं हे नवीन कारण आहे. मध्यप्रदेशच्या 1961 च्या भाडे कायद्याच्या कलम 12 प्रमाणे थकबाकीची मागणी नोटीस दिली आणि दोन महिन्यांत त्याने पैसे भरले नाहीत की दुकान खाली करायला तो वेगळा आधार होतो. जुना दावा उठवायचा अर्ज चालू असतानाही ही नोटीस देता येते, फक्त दोन्हीत काय लिहिलंय ते एकाच वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या. भाड्याची वसुली तीन वर्षांपर्यंतच मागता येते, म्हणजे हात आखडून बसलात तर दर महिन्याला मागचा एक महिना हातातून जातो. बाबांची भाड्याची पावती पुस्तकं शोधा, शेवटची पावती कोणत्या महिन्याची फाडली होती ते बघा आणि नोटिशीत त्याच्या पुढच्या महिन्यापासून हिशेब धरा.