पहिल्या वर्षाचा वर्ग मागून घ्या

प्रिय तरुण सहकारी,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात तुमची नेमणूक झाल्याचे पत्र वाचून मनापासून आनंद झाला. व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि उत्तरपत्रिका यांच्या रगाड्यातून संशोधनासाठी वेळ कसा काढावा, असे तुम्ही विचारले आहे. दिवसाचे तास मोजकेच असतात आणि काही आठवडे तुमची खरोखरच ओढाताण होईल, हे मी नाकारत नाही. मात्र ही दोन कामे एकमेकांच्या मुळावर येतात, हे तुमच्या प्रश्नामागचे गृहीतक मला मान्य नाही. जीवशास्त्रात दोन्ही कामे एकाच प्रश्नावर उभी असतात: ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ वर्गात हा प्रश्न विचारणे ज्याने सोडून दिले, तो शिक्षक हळूहळू स्वतःच्या प्रयोगशाळेतही तो विचारेनासा होतो, असे मी पाहत आलो आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, विभागप्रमुखांकडे पहिल्या वर्षाचा वर्ग मागून घ्या. वरिष्ठ लोक तो सहसा टाळतात, त्यामुळे तो मिळायला अडचण येणार नाही. फळमाश्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणारे जीवशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन हे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात चोवीस वर्षे होते. त्या काळात प्राणिशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाची सुरुवातीची व्याख्याने त्यांनी एकदाच, १९०९ साली दिली. त्याच वर्गात आल्फ्रेड स्टर्टेव्हंट आणि कॅल्व्हिन ब्रिजेस बसले होते. पुढे दोघेही मॉर्गन यांच्या फळमाश्यांच्या लहानशा प्रयोगशाळेत आले. ब्रिजेस तर सुरुवातीला बाटल्या धुण्याच्या कामावर होते. १९११ साली, पदवीचा अभ्यास अजून चालू असताना, स्टर्टेव्हंट यांच्या लक्षात आले की एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके एकमेकांपासून जितकी दूर, तितक्या अधिक वेळा ती पुढच्या पिढीत विभक्त होत असली पाहिजेत, आणि तसे असेल तर विभक्त होण्याच्या प्रमाणावरून जनुकांचा क्रम लावता आला पाहिजे. आकडे प्रयोगशाळेत आधीच जमलेले होते. त्या रात्री गृहपाठ बाजूला ठेवून त्यांनी गुणसूत्राचा पहिला नकाशा आखला आणि १९१३ साली तो प्रसिद्ध झाला. ब्रिजेस यांनी १९१६ साली जनुके गुणसूत्रांवरच असतात याचा भक्कम पुरावा मांडला. मॉर्गन यांची व्याख्याने कशी झाली असतील ते असो. पदवीच्या विद्यार्थ्यांना बसायला टेबल, हाताळायला माश्या आणि ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही असा प्रश्न त्यांनी दिला, यात मला त्यांचे शिक्षक म्हणून मोठेपण दिसते.

आता प्रात्यक्षिकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण विभागाची खरी परीक्षा तिथेच होते. कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक तुम्ही स्वतः विद्यार्थिदशेत केलेच असेल. मुळाचे एक-दोन मिलिमीटरचे टोक कापायचे, आम्लात मऊ करायचे, ॲसिटोकार्मिनने रंगवायचे, कव्हरस्लिप ठेवून ती सरकू न देता अंगठ्याने सरळ दाबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बहुतेक विद्यार्थी पुढची पायरी अशी करतात की सूक्ष्मदर्शकात एकदा डोकावतात आणि नंतर पुस्तकातील आकृती जर्नलमध्ये उतरवून काढतात. विभाजनाच्या चारही अवस्था नीटनेटक्या, ओळीने मांडलेल्या असतात आणि आपण सही करून मोकळे होतो. प्रत्यक्षात स्लाइडवर बहुसंख्य पेशींमध्ये विभाजन चालू नसतेच. केंद्रक गोल आणि दाणेदार दिसते, गुणसूत्रे वेगळी ओळखू येत नाहीत. काही पेशी दाबाने फुटलेल्या असतात, काही एकमेकींवर चढलेल्या असतात. सोळा गुणसूत्रे सुटी मोजता येतील अशी पेशी सापडणे ही तर भाग्याची गोष्ट.

अशा वेळी आकृतीऐवजी मोजणी मागा. प्रत्येकाने दोनशे पेशी पाहून कोणती पेशी कोणत्या अवस्थेत आहे, ते नोंदवावे. मग शेजारच्या विद्यार्थ्याने तीच स्लाइड, पहिल्याचे आकडे न पाहता, पुन्हा मोजावी. दोघांचे आकडे जुळणार नाहीत, आणि सर्वांत मोठा फरक पहिल्या अवस्थेच्या संख्येत येईल, कारण केंद्रक दाणेदार असणे कुठे संपते आणि गुणसूत्रांचे धागे कुठे दिसू लागतात, याची सीमा दोघांनी वेगवेगळी धरलेली असते. येथे थांबा. त्यांना सीमेची व्याख्या स्वतः लिहू द्या, ती लिहून पुन्हा मोजू द्या. त्यानंतरच विचारा की एखाद्या अवस्थेत अधिक पेशी सापडल्या, तर ती अवस्था अधिक वेळ चालते असे म्हणता येईल का. म्हणता येईल, पण सर्व पेशी आपापल्या वेळी विभागत असतील, एकाच तालात विभागत नसतील, तरच. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या मुळांची तुलना करून हे तपासावे, असे एखादा विद्यार्थी आपणहून सुचवील. त्या क्षणी तुमचे प्रात्यक्षिक संशोधन झालेले असते आणि त्यासाठी एकाही नव्या उपकरणाची मागणी करावी लागलेली नसते.

व्याख्यानातही हीच पद्धत पाळता येते. डीएनएची प्रत कशी तयार होते, हे सांगताना बहुतेक जण निष्कर्ष आधी सांगतात आणि मेसेलसन व स्टाल यांचा १९५८ सालचा प्रयोग पुरावा म्हणून शेवटी जोडतात. तुम्ही क्रम उलटा करा. जिवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले, मग एकदम हलक्या नायट्रोजनवर नेले, आणि डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात घनतेप्रमाणे वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगळा केला, एवढेच सांगा. जुनी दुपेडी साखळी अखंड राहत असेल, तिचे दोन पेड सुटून प्रत्येकाला नवा जोडीदार मिळत असेल, किंवा जुने-नवे तुकडे सगळीकडे मिसळत असतील, तर एका पिढीनंतर आणि दोन पिढ्यांनंतर पट्टे कुठे दिसायला हवेत, ते विद्यार्थ्यांनी वहीत काढावे. पहिल्या पिढीनंतर मध्यावर एकच पट्टा दिसला, हे कळताच जुनी साखळी अखंड राहण्याची शक्यता बाद होते. दोन पिढ्यांनंतर एक मध्यावर आणि एक हलका असे दोन पट्टे दिसतात, तेव्हा तुकडे मिसळण्याची शक्यताही गळते. यात अर्धा तास जास्त जातो आणि अभ्यासक्रमाचा एखादा भाग मागे राहतो. तो मागे राहू द्या. तो भाग विद्यार्थी पुस्तकातून वाचू शकतात; पर्याय बाद करण्याची रीत मात्र पुस्तकातून क्वचितच कळते.

पीएच.डी.चे विद्यार्थी तुमच्याकडे येऊ लागतील, तेव्हा त्यांना पहिल्याच महिन्यात नवा शोध लावायला पाठवू नका. ज्याचे उत्तर तुम्हाला पक्के माहीत आहे, असा एक प्रयोग त्यांच्याकडून करवून घ्या. तो जमेपर्यंत पिपेटवरचा हात बसतो, आणि त्यांच्या आकड्यांतली स्वाभाविक चढउतार किती, हे तुम्हालाही कळते. पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) लावताना मूळ डीएनए न घातलेली एक नळी नेहमी ठेवायची, तिच्यात डीएनएचा पट्टा आला, म्हणजे बाहेरचा डीएनए शिरला, तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाजूला ठेवायचे, यात सूट नाही. आठवड्याच्या बैठकीत सजवलेले आलेख पाहण्याऐवजी प्रयोगवही उघडून कच्चे आकडे पाहत जा. वहीत तारीख, रसायनाचा लॉट क्रमांक, इन्क्युबेटरचे तापमान आणि फसलेले प्रयोगही असले पाहिजेत. फसलेल्या प्रयोगाची नोंद दाखवणाऱ्या विद्यार्थ्यावर एकदा जरी रागावलात, तरी पुढची नोंद तुम्हाला कधीच दिसणार नाही, हे लक्षात असू द्या.

आपण ज्याला हात लावतो आहोत ते नेमके काय आहे, याची खात्री करण्यात आमच्या शास्त्राने मोठी हयगय केली आहे. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन रुग्ण स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिची संमती न घेता, १९५१ साली मिळवलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की त्यांनी अनेक प्रयोगशाळांतील इतर पेशींची जागा कोणाच्या नकळत घेतली. वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या डझनाहून अधिक पेशीवंशांत (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींत) एकाच एन्झाइमचे एकच विशिष्ट रूप आढळते आणि ते हेला पेशींशी जुळते, हे आनुवंशिकीतज्ज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ साली दाखवले, तेव्हा अनेकांना ते रुचले नाही. त्यानंतरही चुकीच्या नावाच्या पेशींवर शोधनिबंध निघतच राहिले. आज डीएनएच्या खुणांवरून पेशींची ओळख पटवण्याची चाचणी सहज करता येते. तुमच्या प्रयोगशाळेत बाहेरून आलेली पेशींची कोणतीही कुपी या चाचणीशिवाय वापरात येऊ नये. लॅक्स यांची हकीकत विद्यार्थ्यांना पूर्ण सांगा, कारण नमुना कोणाकडून आणि कसा आला, हा विज्ञानाच्या कक्षेतलाच प्रश्न आहे.

संख्याशास्त्राची भीती बाळगू नका, पण प्रयोग आखण्यापूर्वी संख्याशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याशी बोला. आकडे हाती आल्यावर गेलात तर तो फार तर काय चुकले एवढेच सांगू शकेल. एका रोपाची दहा पाने मोजली म्हणजे दहा रोपे मोजली असे होत नाही, आणि एका टाकीतील वीस मासे हे वीस स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली पर्यावरणशास्त्रातील प्रयोगांबाबत ही चूक सविस्तर दाखवून दिली. तरीही परीक्षणासाठी येणाऱ्या प्रबंधांत ती मला आजही भेटते.

अनुदानाचे अर्ज आणि बढतीचे रकाने यांविषयी फारसे लिहीत नाही. ते तुम्ही इतरांकडून शिकालच. विभागात जे अगोदरपासून आहे, त्याकडे मात्र आवर्जून लक्ष द्या. हर्बेरियममधील (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील) चिकटवलेल्या पानाफुलांवर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते, म्हणून वनस्पतीचे नाव पुढे बदलले तरी मूळ नमुना काढून पुन्हा तपासता येतो. तुमच्या प्रत्येक क्षेत्रीय अभ्यासातला किमान एक नमुना तिथे जमा झाला पाहिजे. मिडियम (पेशी वा जिवाणू वाढवण्याचे पोषकद्रव्य) तयार करणारे, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करण्याचे यंत्र) चालवणारे आणि प्राणिगृह सांभाळणारे कर्मचारी यांच्याकडे कोणत्याही लेखी पद्धतीत नसलेले ज्ञान असते. एखादा प्रयोग अचानक बिघडला तर आधी त्यांना विचारा, आणि शोधनिबंधात त्यांच्या कामाचा उल्लेख करा.

सत्र सुरू होण्यापूर्वी कांद्याचे प्रात्यक्षिक एकदा स्वतः करून पाहा, तेही विद्यार्थ्यांच्याच सूक्ष्मदर्शकावर, संशोधनाच्या चांगल्या सूक्ष्मदर्शकावर नव्हे. भिंगे धूसर असतील तर ती आत्ताच दुरुस्तीला पाठवता येतील. मोजणीचा तक्ता आणि पहिल्या चार आठवड्यांचा आराखडा तयार झाला की मला पाठवा. मी वाचून शेरे लिहून परत करीन.

तुमचा,
एक ज्येष्ठ सहकारी