गॅस गिझरचं वय ओळखताना

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

लातुरात पोरांच्या भाड्याच्या खोल्यांवरची कामं तुला मिळायला लागली, हे ऐकून समाधान वाटलं. तिथं खोलीमालक हमखास विचारणार, "गिझर अजून किती वर्षं चालेल?" उत्तराची घाई करू नकोस.

आधी बाजूची पट्टी वाच. बहुतेक वेळा बनावटीचा महिना, साल आणि अनुक्रमांक तिथंच सापडतो. वाफेनं अक्षरं उडाली असतील तर बिल किंवा वॉरंटी कार्ड माग. सिलिंडरवरच्या 'बी-२७' वरून गिझरचं वय सांगणारेही भेटतील. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते, एप्रिल ते जून २०२७. गिझरशी तिचा संबंध नाही. गॅसच्या नळीवरचं साल मात्र बघच. पाच वर्षं उलटली असतील तर नळी दिसायला चांगली असली तरी बदलायला लाव.

पण साल कळलं म्हणजे गिझर कळला नाही. आपल्याकडे गिझर म्हातारा होतो तो बोअरच्या पाण्यानं. जड पाण्याचा क्षार आतल्या तांब्याच्या नळीत थरावर थर बसतो. मग धार बारीक होते, आत पाणी खदखदल्यासारखा आवाज येतो, बर्नर मध्येच विझतो. लगेच गिझरला दोष देऊ नकोस. उन्हाळ्यात टाकी तळाला गेली की दाब पडतो आणि अशीच लक्षणं दिसतात. येणारी नळी सोडून धार बघ, मग गिझरमधून बाहेर पडणारी बघ. येणारी जोरात आणि बाहेरची बारीक असेल तर आधी पाणी आत येतं तिथली जाळी साफ कर. तरीही फरक पडला नाही तर नळीत क्षार आहे, तो लिंबाच्या फुलाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, पाण्यानं सुटतो. तांब्यावर हिरवट डाग आणि ओल दिसली तर नळी झिरपतेय. अशा गिझरवर मालकाचा पैसा घालवू नकोस.

यानंतर दिवा बंद करून ज्योत बघ. निळी, स्थिर हवी. पिवळी ज्योत आणि वर काजळी दिसली, तर गॅस नीट जळत नाही. अशा जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून वास मिसळलेला असतो, याला कसलाच वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. थंडीत पोरं न्हाणीच्या खिडकीत गोणपाट कोंबतात, तेव्हा नवाकोरा गिझरही जीव घेऊ शकतो. म्हणून पट्टीवर कालचं साल असलं तरी झरोका बघितल्याशिवाय 'चालू' म्हणू नकोस. सगळ्यात बरं म्हणजे गिझर न्हाणीबाहेर मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यायची.

मालक टाळाटाळ करेल. तू गॅसचा कॉक बंद कर, बिलावर कारण लिही आणि त्या खोलीतल्या पोरांनाही तोंडी सांगून ये.

तुझा,
काका