बर्फ, हिम आणि मिठवणी

प्रश्न असा आहे: ‘वसंतात ऊन पडताच समुद्रबर्फातल्या खाऱ्या पाण्यातून ब्रोमीन निघतं आणि हवेतला ओझोन संपतो’ हे भाषांतर बरोबर आहे का? बर्फ आणि हिम एकच ना? ‘ब्राइन’ला, म्हणजे मिठाच्या दाट पाण्याला, काय म्हणायचं? आणि ‘ट्रेस गॅस’ला ‘दुर्मिळ वायू’ चालेल का?

रोजच्या बोलण्यात बर्फ आणि हिम एकच, पण या वाक्यात नाही. गंमत म्हणजे फारसीत ‘बर्फ’ आकाशातून पडतो. गोठलेल्या पाण्याला तिथे ‘यख’ म्हणतात. मराठीत लादीचा आणि भुरभुरणारा, दोन्ही बर्फच. इथे मात्र गोठलेला समुद्र तो बर्फ आणि त्यावर साचलेलं ते हिम, असा भेद पाळावाच लागतो.

कारण रसायनात आहे. ऊन ब्रोमीनचा रेणू फोडतं. सुटा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन ओढून घेतो, पुढे त्याचं हायपोब्रोमस आम्ल होतं, आणि ते हिमकणावरच्या ब्रोमाइडला, म्हणजे क्षारांतल्या ब्रोमीनला, भिडलं की पुन्हा ब्रोमीनचा रेणू तयार. एक अणू आत जातो, दोन बाहेर येतात, म्हणून हे चक्र भडकत जातं. हवेच्या अब्ज रेणूंमागे 30-40 असलेला ओझोन काही तासांत किंवा दिवसांत एकाच्याही खाली येतो. पण या शेवटच्या पायरीला आम्लता लागते. समुद्राच्या पाण्यातले कार्बोनेट क्षार ती आम्लता मारतात, म्हणून समुद्रबर्फावर ही पायरी अडते. अलास्कातल्या उत्कियाग्विकजवळच्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उन्हात ब्रोमीन सुटलं ते वरच्या हिमातून; उघड्या समुद्रबर्फातून नाही.

‘ब्राइन’ला ‘मिठवणी’ लिहा. गुळवणी, चिंचवणी यांच्याच घरचा शब्द आहे. ‘खारं पाणी’ म्हटलं की समुद्र आठवतो, किलोला 35 ग्रॅम क्षारांचा. बर्फाच्या बारीक फटींत अडकलेल्या मिठवणीत उणे 10 अंशांना सुमारे 140 ग्रॅम असतात. उणे 23च्या आसपास साधं मीठ स्फटिक होऊन बसतं आणि उरलेल्या पाण्यात ब्रोमाइडचं प्रमाण वाढतं. मिठागरात मीठ धरल्यावर उरणाऱ्या कडू पाण्याचंही असंच होतं.

‘ट्रेस गॅस’ला, म्हणजे ओझोनसारख्या हवेत अगदी थोड्या असणाऱ्या वायूला, ‘दुर्मिळ वायू’ नको. त्याने हेलियम, निऑन आठवतात. ‘लेशवायू’ चांगला.

वाक्य असं करा: ‘ध्रुवीय वसंतात ऊन पडू लागलं की समुद्रबर्फावरच्या खारट, आम्लधर्मी हिमातून ब्रोमीन सुटतं आणि जमिनीलगतचा ओझोन जवळपास संपतो.’ ‘जमिनीलगतचा’ गाळू नका, नाहीतर वाचक ओझोनच्या छिद्राकडे जाईल.