आई संशोधनात भाग घ्यायला नाही म्हणते

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे. वर्षभरात दोनदा पडली. वृद्धांचं पडणं टाळण्याच्या एका संशोधनात तिला बोलावलं, तर "मी काय इतकी म्हातारी झालेय?" म्हणत तिने फॉर्म परत केला. तिला कसं पटवू?

उत्तर : पटवू नका, आधी कारण विचारा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा अभ्यासांसाठी माणसं गोळा करताना हेच वाक्य सर्वांत जास्त ऐकते. पासष्टीनंतर दरवर्षी साधारण तिघांतला एक जण पडतो, पण तो एक आपण नव्हेच, अशी प्रत्येकाची खात्री! त्यात माहितीपत्रकावर वॉकर धरलेल्या वाकलेल्या बाईंचं चित्र. कोण सही करेल?

दुसरी एक भीती असते : पडल्याची नोंद झाली की मुलं एकटं राहू देणार नाहीत. हे कुणी बोलून दाखवत नाही, मुलं समोर बसलेली असताना तर नाहीच. शिवाय ये-जा, दुखणारे गुडघे, घरात आजारी जोडीदार, रोज "आज पडले का" ते भरायचं कॅलेंडर. आणि व्यायाम शिकवणाऱ्या गटात जाल की तो न शिकवता नुसत्या तुलनेसाठी ठेवलेल्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. तेही अनेकांना रुचत नाही.

नकार द्यायचा आईला पूर्ण हक्क आहे. त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार अडत नाहीत. मात्र तोल सांभाळण्याचे आणि पायांना बळ देणारे व्यायाम शिकायला, चष्म्याचा नंबर तपासायला, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना एकदा दाखवायला कुठल्याही संशोधनाचा फॉर्म लागत नाही. तेवढं या आठवड्यात करा.