वाचक विचारतात : पार्थियन वर कसे आले?

प्रश्न : सिकंदराच्या सरदारांच्या वारसांकडे एवढी कवायती फौज असताना कास्पियनकाठची एक घोडेस्वार टोळी त्यांना भारी कशी पडली? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पहिली शंभर वर्षे ती भारी पडलीच नाही, हे आधी सांगायला हवे. सिकंदराचा सरदार सेल्यूकस, त्याच्या घराण्याचे राज्य सीरियापासून मध्य आशियापर्यंत पसरलेले, पण राजांचा जीव पश्चिमेत अडकलेला. इ. स. पू. 246 ते 241 दुसरा सेल्यूकस इजिप्तच्या टॉलेमीशी लढत होता, पाठोपाठ सख्ख्या भावाशी. तेवढ्यात पार्थियाचा, म्हणजे कास्पियनच्या आग्नेयेकडच्या प्रांताचा, सुभेदार आंद्रागोरास फुटला. धन्याशी बिघडवून बसलेल्या सुभेदाराच्या मदतीला कोण धावणार? 238 च्या सुमारास पर्णी टोळीच्या अर्शकाने त्याला मारून प्रांत घेतला, आणि प्रांतावरून ही टोळीच पुढे पार्थियन म्हणवली.

209 मध्ये सेल्यूकस घराण्याचा तिसरा अँटायोकस वसुलीला आला. पार्थियनांनी वाळवंटी वाटेवरच्या कनाती बुजवायला घेतल्या. कनात म्हणजे डोंगरपायथ्याचे पाणी लांबवर नेणारा भुयारी पाट. गाळ उपसायला वरून ठरावीक अंतरावर विहिरी. त्या बुजल्या की फौज तहानेनेच मागे फिरते. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या शेतीचा, मानस (पाण्याचे दार) फोडून शेतात खारे पाणी सोडावे, तसाच हा डाव, फक्त उलट्या बाजूने. अँटायोकसने 1,000 स्वार पुढे धाडून बुजवणाऱ्यांना पिटाळले, हेकाटोम्पिलोस हे शहर घेतले आणि अर्शकाच्या वारसाला नमवले.

मग पारडे फिरले कुठे? रोमपाशी. मॅग्नेशियाला रोमकडून झालेल्या पराभवानंतर 188 च्या तहात सेल्यूकसच्या घराण्यावर 15,000 टॅलंट (चांदी मोजायचे वजन) दंड बसला. त्यातले 12,000 बारा वर्षांच्या हप्त्यांनी. तिजोरी भरायला देवळे लुटताना 187 मध्ये अँटायोकस स्वतःच मारला गेला. पुढे गादीसाठी भाऊबंदकी माजली आणि पार्थियन राजा पहिल्या मिथ्रिदातेसने मीडिया हा पश्चिम इराणातला प्रांत, मग 141 मध्ये तैग्रिसकाठचे सेल्यूकिया घेतले.

शेवटची संधी 130 मध्ये त्याच घराण्याच्या सातव्या अँटायोकसला मिळाली. तीन लढाया जिंकून त्याने बाबिलोन आणि मीडिया परत मिळवले, पण हिवाळ्यात फौज गावोगाव वाटून ठेवली. पोसून कंटाळलेली गावे एकाच दिवशी उठली. तुकड्यांना एकमेकींच्या मदतीला जाताच येईना. 129 मध्ये राजा पडला. गंमत अशी की विजेत्या पार्थियन राजाने, फ्राआतेसनेही चूक केली: पकडलेले ग्रीक सैनिक त्याने भटक्या टोळ्यांविरुद्ध उभे केले, ते ऐन लढाईत उलटले आणि तोही गेला.

प्रश्न : पार्थियन नाण्यांवर ग्रीक अक्षरे का? आणि वर्ष कसे काढायचे? (एक संग्राहक, मडगाव)

उत्तर : व्यापारी शहरे ग्रीक, टांकसाळीचे कारागीर ग्रीक, चालते यंत्र कशाला मोडायचे? बहुतेक नाण्यांवर राजाचे नाव नुसते ‘अर्शक’ असते, कारण ते प्रत्येकाने पदवीसारखे लावले. त्यामुळे नाव वाचून राजा ठरवू नका. चेहरा, मुकुट आणि पुढच्या पदव्या पाहा.

वर्ष असेल तर ते अक्षरांत असते. मिथ्रिदातेसच्या सेल्यूकियातल्या मोठ्या नाण्यांवर गॅमा, ओमिक्रॉन, ऱ्हो अशी अक्षरे सापडतात: 3, 70, 100, म्हणजे 173. हा सेल्यूकसचा शक, सुरुवात इ. स. पू. 312 च्या शरदात. 313 मधून 173 वजा करा: 140, म्हणजे 140 च्या शरदापासून 139 च्या शरदापर्यंत. शकेत 78 मिळवायच्या सवयीने इथे बेरीज केली की सगळे फसते. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर अर्शकांचा शकही मिळतो. तो या शकापेक्षा 64 ने कमी.

प्रश्न : आपल्याकडचे ‘पह्लव’ तेच का? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : शब्द तोच. इराणचा राजा दारयवहू याच्या बेहिस्तून लेखात प्रांताचे नाव ‘पार्थव’ आहे, त्याचेच पुढे ‘पह्लव’ झाले. नाशिकच्या पांडवलेण्यांत, लेणे क्र. 3 मध्ये, सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक, यवन आणि पह्लवांचा नाश करणारा म्हणते. हे पह्लव मात्र सेल्यूकिया जिंकणाऱ्यांच्या नंतरचे, भारताच्या बाजूला आलेले.