गणिताला वेळ लागतो, तरी भौतिकशास्त्र घ्यावे का?

प्रश्न : माझे शाळेचे शेवटचे वर्ष संपत आले आहे. कृष्णविवरे, पुंजभौतिकी, विश्वाची उत्पत्ती यांविषयी हाती पडेल ते मी वाचते आणि भौतिकशास्त्रातच पदवी घ्यावी असे मनापासून वाटते. मात्र गणित मला चटकन सुटत नाही. गुण बरे मिळतात, पण वेळ फार जातो. घरच्यांना मी अभियांत्रिकीला जावे असे वाटते, कारण तिथे नोकरीची काळजी कमी. मी काय पाहून ठरवावे?

उत्तर : पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत कृष्णविवरे जवळजवळ भेटतच नाहीत. त्या काळात असतात ते उतरणीवरून घसरणारा ठोकळा, स्प्रिंगला टांगलेले वजन, भिंगे, विद्युतमंडले, उष्णता, आणि या सगळ्यांच्या जोडीला कॅलक्युलस व सदिश. कृष्णविवराचे गणित ज्या सामान्य सापेक्षता सिद्धान्तावर उभे आहे, तो बहुतेक विद्यार्थी पदवीच्या अखेरीस किंवा त्यानंतरच शिकतात. तेव्हा कृष्णविवरांची ओढ जरूर असू द्या, पण निर्णय घेताना त्या ठोकळ्यात आणि स्प्रिंगमध्ये आपले मन रमते का, हे आधी पाहा.

ते पाहण्यासाठी साधा लंबक पुरेसा आहे. तुम्ही तो शाळेत केला असेल, पण उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे बहुधा घाईने केला असेल. आता तो घरी सावकाश करा. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका दोलनास सुमारे 2 सेकंद लागतात, आणि स्टॉपवॉच दाबताना आपल्या हाताची चूक सहज 0.2 सेकंदाची होते, म्हणजे एकच दोलन मोजले तर दहा टक्के चूक. पण सलग वीस दोलने मोजून विसाने भागले की तीच चूक अर्ध्या टक्क्यावर येते. आता वेगवेगळ्या लांबींसाठी आवर्तकालाचा, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग काढून लांबीशी त्याचा आलेख काढा. दोरीची लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली असेल, तर रेषा सरळ येईल, पण शून्यातून जाणार नाही. बिंदू पुसून रेषा शून्यातून ओढण्याचा मोह अनेकांना होतो. तसे न करता ती रेषा मागे वाढवा : 2 सेंटिमीटर व्यासाचा गोळा असेल, तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या 1 सेंटिमीटर मागे छेदते. हा 1 सेंटिमीटर म्हणजे गोळ्याची त्रिज्या, कारण लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती. रेषेचा चढ मात्र बिघडलेला नसतो, त्यामुळे गुरुत्वत्वरण बरोबरच निघते.

मग गोळा 60 अंशांपर्यंत ओढून सोडा. आवर्तकाल सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला दिसेल. पाठ्यपुस्तकातले सूत्र काढताना कोनाच्या साइनऐवजी कोनच घेतलेला असतो आणि ती सवलत लहान कोनांपुरतीच असते, हे इथे तुमच्या डोळ्यांसमोर येते. ही तफावत पाहून ‘असे का’ म्हणत तुम्ही पुन्हा कागदाकडे वळलात, तर भौतिकशास्त्र तुम्हाला मानवेल असे मी विश्वासाने सांगेन. मोजमाप, आलेख आणि चूक शोधणे हे सगळे कंटाळवाणे वाटले, तर विश्वाविषयीचे वाचन आयुष्यभर आनंदाने चालू ठेवा, पण पदवीसाठी दुसरा विषय निवडा.

गणिताला वेळ लागणे हा मला अडथळा वाटत नाही. उदाहरण सोडवताना एखादी पायरी समजली नाही म्हणून तुम्ही थांबत असाल आणि समजल्याशिवाय पुढे जात नसाल, तर ती सवय पुढे फार उपयोगी पडते. गणित टाळावेसे वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. मायकेल फॅरडे यांना औपचारिक गणित येत नव्हते, तरीही 1831 मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होणे) शोधले, असे धीर देण्यासाठी नेहमी सांगितले जाते. ते खरेच आहे. पण चुंबकाभोवती त्यांनी कल्पिलेल्या बलरेषांना समीकरणांचे रूप भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दिले, आणि आज विद्यार्थी तो विषय शिकतात तो त्या समीकरणांतूनच.

घरच्यांची काळजी रास्त आहे. भौतिकशास्त्राच्या पदवीवर नोकरीचे नाव लिहिलेले नसते. संशोधनात जायचे तर पुढे पीएच.डी.पर्यंत बरीच वर्षे द्यावी लागतात. शिक्षण, मापनयंत्रे, संगणनाची कामे, कर्करोगाच्या किरणोपचारातील मात्रेचे गणित अशा वाटा आहेत, पण त्यांतल्या अनेकांसाठी आणखी शिकावे लागते. वस्तू नेमकी कशी चालते यापेक्षा ती चालवून दाखवण्यात तुम्हाला अधिक समाधान मिळत असेल, तर अभियांत्रिकी हा मन मारून घ्यायचा पर्याय मुळीच नाही. तिथेही भौतिकशास्त्र भरपूर आहे. पहिल्या वर्षानंतर विषय बदलता येतो का, हेही प्रवेशाआधी विचारून घ्या.

शेवटी एक काम सांगतो. पदवीच्या पहिल्या वर्षाचे यांत्रिकीचे पुस्तक मिळवा आणि त्यातल्या एकाच प्रकरणाची सर्व उदाहरणे, मागची उत्तरे न पाहता, महिनाभरात सोडवा. दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची प्रयोगवहीही मागून घ्या आणि आकडे जुळले नाहीत तिथे त्याने काय लिहिले आहे, ती पाने आधी वाचा.