आढाव्यात सोबत्यांचं मत घ्यावं का?

प्रश्न : वणीजवळच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) मी व्यवस्थापक आहे. हंगाम संपल्यावर फिटरच्या कामाचा आढावा घेताना बाकीच्या कामगारांना विचारावं का?

उत्तर : विचारा, पण ‘माणूस कसा आहे?’ असं नको. गावात निम्मे एकमेकांचे सोयरे. ‘चांगलाच आहे जी’ याच्यापुढं गाडी जाणार नाही. ज्यांचं काम त्याच्यावाचून अडतं असे चार-पाच निवडा : पुढच्या पाळीचा फिटर, जिनवरचे ऑपरेटर, गाठी बांधणारा प्रेसवाला. एक नाव ज्याचा आढावा आहे त्यालाच सुचवू द्या. तिघांहून कमी घेतले तर कोण काय बोललं ते लगेच कळतं, मग वर्षभर वैर.

पाळी सोपवताना बिघाड सांगतो का? नाईफची, म्हणजे सरकी सोडवणाऱ्या पात्याची, सेटिंग हलून सरकी फुटू लागली तर मशीन थांबवतो की तशीच रेटतो? नव्या पोराला शिकवतो का? एवढंच विचारा, आणि प्रत्येक उत्तराला एक घडलेला प्रसंग मागा. एकेकट्याशी दहा मिनिटं बोला, लिहून तुम्हीच घ्या. त्यांनी लिहिलं तर हस्ताक्षर ओळखू येतं.

एकाच तोंडून आलेली तक्रार मशीनच्या नोंदवहीशी ताडून पाहा. पगारवाढ मात्र या मतांवर ठरवू नका, नाहीतर पुढच्या हंगामात सगळे आधीच ठरवून एकमेकांची तारीफ करतील.